हे ऐकत नाहीत

२ मार्च २०२५, रविवार

टोपी! पांढरी, पुढे झापड असलेली, वर हिरव्या दोऱ्याने काठी आणि चेंडू काढलेला. ह्यांच्या डोक्यावर आजवर मी दोनच गोष्टी बघितल्या — कारखान्याचं पिवळं हेल्मेट आणि लग्नातला फेटा. परवा निवृत्त झाले आणि आज गोल्फ!

टोपी फुकट मिळाली म्हणे. तिच्यासोबत एक जाडजूड रंगीत पुस्तकही मिळालं. मनोरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी घरं बांधतायत. चारी बाजूंनी कुंपण, फाटकावर पहारा, आत क्लब आणि मधोमध सत्तर एकर गवत. गुरांसाठी नाही. चेंडूसाठी! हे चौथीतल्या पोरासारखे एकेक पान उलटून मला दाखवत होते.

मे अखेर कंपनीचं क्वार्टर सोडायचंय, तेव्हा घर तर घ्यायलाच हवं. पण मंजुळाताईच्या समोरचा फ्लॅट रिकामा आहे, पालघरला, दुसऱ्या मजल्यावर. माझ्या सख्ख्या बहिणीच्या दारासमोर! त्याचं नाव काढलं तर हे पान उलटत राहिले.

एक गोष्ट मात्र बरी आहे. बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात सूट मिळते, म्हणून घर माझ्या एकटीच्या नावावर होणार. म्हणजे सही माझी. बघू या!

४ मार्च

स्कूटरवर मागे बसून नवापूर नाक्यापासून घरापर्यंत एकच विषय लावून धरला — पालघर, पालघर, पालघर. शाळा जवळ, डॉक्टर जवळ, ताई जवळ. हे दर वळणावर "हां, हां" म्हणत होते. उतरल्यावर म्हणतात, "मंग रविवारी जाऊया ना बगायला?"

कुठे? तर मनोरला! भिंतीला सांगितलं असतं तर तिने तरी विचार केला असता.

९ मार्च, रविवार

जाऊन आलो गवतवाडीला. (तिचं खरं नाव रॉयल फेअरवे व्हॅली. वहीत एवढं कोण लिहीत बसणार?)

फाटकावर रूपेश नावाचा मुलगा होता, टाय लावलेला. बोईसरचाच निघाला. पण आत शिरल्यापासून माझ्याशी "मॅम, अमेझिंग व्ह्यू आहे" असल्या भाषेत बोलत होता. बॅटरीच्या गाडीत बसवून फिरवलं. गवतात जागोजाग वाळूचे खड्डे करून ठेवलेत. चेंडू त्यात पडला की माणूस हरतो म्हणे. अरे, वाळूच हवी तर केळव्याला या की! आमचं अख्खं गाव वाळूत वाढलं.

हे मात्र एका जागी खिळले. चार माणसं खेळत होती. एकजण काठी घेऊन उभा, बाकीचे तिघे चिडीचूप. ह्यांनी अर्धा तास ते बघितलं. मी घड्याळ लावून बसले होते. तोंडावर असं समाधान की आमच्या लेकीच्या, जागृतीच्या लग्नातही दिसलं नव्हतं.

मी तेवढ्यात गवत खुरपणाऱ्या बायकांजवळ गेले. लाडकी नावाची एक आहे, वरच्या पाड्यावरची. रोज सात तास खाली बसून नको ते गवत उपटते. मी विचारलं, नको ते गवत कसं ओळखतेस? म्हणाली, "जा आपल्याकडं उगवते ना, ता नको!" दोघी हसलो. मग ह्यांच्याकडे हात करून म्हणाली, "बाई, तुजा घरवाला आयकत नाय काय? मगा गाडी आली त मी तीनदा आरडली, बाजूला हो म्हणून. हाललाच नाय."

म्हटलं, "अगं, एकतीस वर्षांत कधी ऐकलंय माझं, ते तुझं ऐकतील!" परत हसलो.

खरं म्हणजे घर वाईट नाही. खिडकीतून डोंगर दिसतो. पण शेजारच्या बंगल्यांची सगळी दारं बंद. रूपेश म्हणाला, मालक मुंबईचे, महिन्यातून एखादा शनिवार-रविवार येतात. म्हणजे बाकीचे दिवस तिथे कोण? मी आणि हे.

१२ मार्च

नियमावली वाचली. बाल्कनीत कपडे दिसता कामा नयेत. पापड, कुरडया, मासळी वाळवू नये. संध्याकाळी सातनंतर मोठ्याने बोलू नये. मोठ्याने बोलू नये!! मी चाळीस पोरांना वर्गात मराठी शिकवते. माझा खालचा आवाजच तारापूरपर्यंत जातो.

भाकऱ्या थापताना एकेक नियम ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला, वर प्रत्येकाला माझी टीपही जोडली. मागे वळून बघते तर हे टोपीची पट्टी बारीक करत बसलेत.

१७ मार्च

आज आडून नाही, समोर बसून बोलले. म्हटलं, "वा! छान! फारच छान घर आहे हो! मला तर बाई कधी एकदा तिथे जाऊन राहते असं झालंय!"

आणि हे खूश झाले! माझ्या हातावर हात ठेवला! इतका टोमणा मारला तर कातळालाही ओरखडा उठला असता.

२३ मार्च, रविवार

मंजुळाताईकडे गेले होते, एकटीच. समोरचा फ्लॅट बघून आले. दोन दारांत सहा पावलांचं अंतर. ताई म्हणाली, "तुमी दोगं आलात ना, का मी दार उगडंच ठेवीन."

बसमध्ये येताना रडू आलं. कशाचं, ते नीट लिहून काढते.

मला भीती वाटते. शाळा आहे तोवर ठीक आहे. पुढच्या वर्षी मीही निवृत्त होईन. मग त्या सत्तर एकरांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी एका माणसाबरोबर असेन, आणि तो माणूस माझ्याशी बोलत नाही. पूर्वी बोलायचे! सेकंड शिफ्टवरून आले की तासभर गप्पा व्हायच्या. मग हळूहळू "हां" आणि "बरं" एवढंच उरलं. लग्नकार्याला येत नाहीत. नाक्यावरच्या मित्रांत बसत नाहीत. मी बोलते आणि ते माझ्यातून आरपार बघतात. मी कंटाळवाणी झाले असेन. सत्तावन्न वर्षांची मास्तरीण, तेच तेच बोलणारी. इथे निदान आजूबाजूला माणसं आहेत म्हणून ते झाकून जातं. तिथे काय करू?

म्हणून ती सही मी करणार नाही. गोल्फ, वाळू, पापड ही सगळी बोलायची निमित्तं. खरं कारण हे.

३० मार्च, पाडवा

अक्षय्य तृतीयेला बुकिंग करायचं ठरलं. ह्यांनी ठरवलं, मी नाही! रूपेश घरी येऊन श्रीखंड खाऊन गेला आणि क्लबचा फॉर्म देऊन गेला. घरासोबत क्लबचं सभासदत्वही येतं. हे भरायला बसलेत, त्यांच्या त्या कारखान्यातल्या ठळक अक्षरांत.

२ एप्रिल

फॉर्म वाचला.

सही करायची नाही म्हणून वाचणारही नव्हते. शाळेतून आले तर टेबलावर पडला होता. चुका काढायची खोड माझी, लाल पेन हातात होतंच.

नाव, वय, रक्तगट. मग एक रकाना — हँडिकॅप, असल्यास.

त्यात ह्यांनी लिहिलंय, इंग्रजीत, एकाखाली एक: दोन्ही कान. डावा साठ टक्के, उजवा चाळीस. कॉम्प्रेसर विभाग. २०१४ पासून. आणि शेवटची ओळ — वाइफ नॉट इन्फॉर्म्ड.

शिफ्ट बदलताना रजिस्टरात असंच लिहितात. कुठला पंप बिघडलाय, कोणाला कळवलं, कोणाला कळवायचं राहिलं. एकतीस वर्षं हे तसंच लिहीत आले. सवयीने लिहून गेले असणार.

वाइफ नॉट इन्फॉर्म्ड.

लाल पेन तसंच हातात राहिलं. पोळ्या करायच्या राहिल्या. मग आमटी-भातावरच भागवलं.

३ एप्रिल

"ऐकत नाही" आणि "ऐकू येत नाही". चौथीच्या पोरांना हा फरक मी फळ्यावर लिहून समजावते! आणि घरात अकरा वर्षं चुकीचं वाक्य वापरत आले. लाडकीला तीन हाकांत जे कळलं, ते मला अकरा वर्षांत कळलं नाही.

सारखं आठवत राहतं. आई गेली त्या वर्षी ओट्याशी उभी राहून मी म्हटलं होतं, "आता मला माहेर उरलं नाही हो." मागून उत्तर आलं — "हां, गॅस बंद केला." त्यावर मी चार दिवस अबोला धरला. कडकडीत! आणि आज कळतंय, तो अबोलाही त्यांना ऐकू आला नसणार. माझे चार दिवस फुकट गेले!

हसू येतंय आणि रागही येतोय. फसवलं मला. दरवर्षी कंपनीत कान तपासतात, दरवर्षी कागद मिळतो. तो कागद माझ्यापासून लपवून ठेवला. कशासाठी? मी काय टाकून दिलं असतं?

४ एप्रिल

मधल्या सुट्टीत रूपेशचा फोन आला. ह्यांनी फॉर्मचा फोटो त्याला पाठवला होता. हसू दाबत म्हणाला, "मॅम, हँडिकॅप म्हणजे तसं नाही. गोल्फमध्ये तो एक आकडा असतो, कोण किती चांगलं खेळतं त्याचा. नवीन माणसाने मोकळं सोडायचं. सरांनी तर—"

मी म्हटलं, "रूपेश, सरांनी जे विचारलं त्याचं खरं उत्तर दिलंय. तुझा रकाना चुकलाय."

माझ्या माणसाला मी हसेन. दुसऱ्याने हसायचं नाही.

६ एप्रिल, रविवार

दुपारी ताटात भाताऐवजी फॉर्म वाढला.

ह्यांनी बघितलं. मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं नाही. मी खुर्ची ओढून अगदी समोर बसले, हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं आणि सावकाश विचारलं, "का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली," म्हणाले.

आणि मग बोलले! इतकं सलग बोलताना कैक वर्षांत ऐकलं नव्हतं. जमतील तशी त्यांची वाक्यं इथे उतरवते. "चार मानसं एकदम बोलायला लागली का मला नुसता खळखळाट. कोन हसला का मी पन हसतो. एकदा नाक्यावर कोनाची आई वारलेली सांगत होते नि मी हसलो. तवापासून गेलो नाय. तुजं तोंड दिसत असलं का समजतं. पाठ फिरली का नाय."

पाठ! माझं सगळं आयुष्य ओट्याकडे तोंड करून गेलं.

मी विचारलं, मग गोल्फच का? तर म्हणाले, "तिथं कोन बोलत नाय गं. एकजन मारायला उबा ऱ्हायला का बाकीचे गप. नियमच हाय तसा. मी बगत होतो ना, मला वाटलं, आयला, हे सगळे माज्यासारकेच! तिथं मी बहिरा नाय, तिथं मी शिस्तीचा."

मी फॉर्म बाजूला ठेवला आणि ताटात भात वाढला.

मग म्हणाले, "नि तुला पन आवडलंय. तू म्हनालीस ना समोर बसून, फारच छान हाय. तेवा तर माजं पक्कं झालं. तुला नको असतं तर मी कशाला गेलो असतो?"

शब्द पोचले होते. टोमणा पोचला नव्हता. टोमणा शब्दांत कुठे असतो? तो आवाजात असतो. तो तेवढा वाटेत गळून पडला आणि त्यांच्या हातात निव्वळ कौतुक पडलं. एरवीचं माझं "नको" सगळं पाठीमागे बोललेलं.

मी समोर बघून, सावकाश म्हटलं, "हो. आवडलंय मला."

८ एप्रिल

सही करणार. ठरलं. ज्या माणसाला अकरा वर्षं लाज वाटली, त्याला शिस्तीचं म्हणवून घेण्याची जागा मिळतेय. मी कोण आडवी येणार? ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तू मरशील तिथं, बोलायला मानूस नाय." म्हटलं, लाडकी आहे. सात तास असते.

१५ एप्रिल

पालघरला कानांची तपासणी केली. काचेच्या खोलीत ह्यांना बसवलं होतं, आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर मी उभी. आवाज मला काचेपलीकडूनही पुसट येत होता आणि हे बटण दाबत नव्हते. एकदा मीच चुकून हात वर केला. डॉक्टरीण म्हणाली, "बाई, परीक्षा त्यांची आहे."

गेलेलं परत येणार नाही, पण यंत्राने पुष्कळ भागेल म्हणाली. यंत्र आठवड्याने मिळेल.

२२ एप्रिल

यंत्र आलं. घरी येईपर्यंत हे घाबरलेल्या मांजरासारखे इकडेतिकडे बघत होते. फ्रिज असा आवाज करतो? पंखा कुरकुरतो, तू सांगितलं का नाय? (तीन वर्षं सांगतेय!) शेजारची कोंबडी कायम अशीच ओरडते?

मी भाजी निवडत होते. एकदम म्हणाले, "तुज्या बांगड्या वाजतात." आणि तसेच ऐकत बसले.

भाजी अर्धीच निवडून झाली.

२५ एप्रिल

एक नवीनच पंचाईत. ओट्याशी उभी राहून सवयीने पुटपुटत होते — ह्या माणसाला टॉवेल दोरीवर टाकायला काय होतं, हाताला काय मेंदी लावलीय? मागून आवाज आला, "टाकतो, टाकतो."

दचकून हातातली पळी पडली. आता जपून बोलायला हवं!

२७ एप्रिल, रविवार

परत गवतवाडी. शेवटचं बघणं. हे यंत्र लावून गवताच्या कडेला उभे राहिले. खेळणारे तसेच गप्प. पण ह्यांचं लक्ष दुसरीकडेच — लाडकी आणि तिच्या सोबतिणींकडे. त्या खुरपताना अखंड बोलत होत्या, हसत होत्या. परत येताना म्हणाले, "त्या बाया त्या दिवशी पन बोलत होत्या?"

"अख्खा वेळ," मी म्हटलं.

मी पालघरचं नाव काढलं नाही. नवीन घराला कसले पडदे लावायचे ते विचारलं. चांगलं हसून विचारलं.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

सही झाली नाही.

रूपेशने कागद पुढे केले, पेढा दिला, पेन दिलं. विचारलं, "मॅम, आवडलं ना घर?" मी म्हटलं, "छान आहे. फारच छान."

ह्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. कानातल्या यंत्रावर बोट ठेवून म्हणाले, "परत म्हन." परत म्हटलं. मान हलवत राहिले. "हा आवाज आवडल्याचा नाय. तुला खरं काय पायजे?"

पालघर, म्हटलं. मग थांबताच येईना. ताईचं दार, ती सहा पावलं, ती भीती, बसमधलं रडणं, सगळं रूपेशसमोर सांगितलं. हे शेवटपर्यंत ऐकत होते. मग डोळे पुसून माझ्यावरच चिडले.

"मंग इतके दिवस बोललीस का नाय?"